रॉड आधी ठरवा, जनरेटर मग

एप्रिल उजाडला की मला फोन सुरू होतात. "दादा, मिरगाच्या आधी शेड उभी करायचीय. जागेवर लाइट नाही. वेल्डिंगसाठी जनरेटर बघतोय, पाच केव्हीए पुरेल ना?" केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप. बोलणारा कधी हर्णैचा असतो, कधी केळशीचा, कधी खाडीपलीकडच्या गुहागर तालुक्यातला. आवाजावरूनच कळतं की मुलगा नवीन आहे. आयटीआय करून वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढलीयत आणि आता स्वतःचं काम सुरू करतोय. मी त्याला उलट विचारतो, "वेल्डिंगचा रॉड कुठला जाळणार आहेस?" बहुतेक जण गप्प होतात, कारण दुकानात त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

दापोली तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, १९ वर्षं झाली. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी, टाकीचे स्टँड, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बोटींची लोखंडी कामं. यातलं निम्मं काम अशा जागी असतं जिथे मीटर नाही, किंवा मीटर आहे पण संध्याकाळी १८० व्होल्टसुद्धा मिळत नाहीत. कातळावरच्या आंब्याच्या बागा, किनाऱ्यावरच्या शाकारलेल्या होड्या, नव्या बांधकामांच्या जागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर तर आमच्या भागात आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि घराघरावर पत्रे चढवायचे होते. तेव्हा माझा जनरेटर सेट दिवसाला दहा-दहा तास चालला. जे लिहितोय ते त्या अनुभवातून, आणि त्याच्याही आधी पैसे घालवून शिकलेल्या एका धड्यातून.

माझा पहिला सेट मी स्टिकर बघून घेतला होता. स्टिकरवर ठळक अक्षरात ५ केव्हीए. दुकानदार म्हणाला, दोनशे अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आरामात ओढेल. पहिल्याच दिवशी केळशीच्या बाजूला एका बागेच्या गेटचं काम होतं. दहा नंबरचा रॉड टेकवला की इंजिनचा आवाज खाली बसायचा, रॉड चिकटायचा. ओढून सोडवला की इंजिन एकदम किंचाळायचं. मी मशीनचा नॉब खाली-वर करत दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी वीज) तुटला आणि मशीनमधून फट्‌ असा आवाज आला. चिपळूणला नेऊन उघडली तर आतले दोन मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) फुगून फाटलेले. त्यांच्यावर छापलं होतं: ४०० व्होल्ट.

नंतर जुनी मशीन जोडून व्होल्ट मोजायचा मीटर लावला. रिकामा सेट २३२ व्होल्ट दाखवत होता. रॉड जळताना १७८. आणि आर्क तोडल्याबरोबर एक क्षण २८४. इन्व्हर्टर मशीन आलेला करंट आधी डीसी करते. २३० व्होल्टचे आत सव्वातीनशे होतात, २८४ चे चारशे. म्हणजे प्रत्येक वेळी रॉड उचलला की मी त्या कपॅसिटरला त्याच्या शेवटच्या टोकावर नेऊन ठेवत होतो. मशीन तीन दिवस टिकली हेच पुष्कळ.

त्या दिवसापासून मी सेट बघायला जाताना स्टिकर वाचत नाही. कागद-पेन घेऊन रॉडपासून हिशेब करतो.

हिशेब असा

रॉड किती अँपिअर खातो हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे चालणारा नेहमीचा रॉड, म्हणजे ६०१३ जातीचा, धरू. बारा नंबर म्हणजे अडीच एमएम, तो ६० ते ९० अँपिअरवर जळतो. दहा नंबर म्हणजे ३.१५ एमएम, ९० ते १३०. आठ नंबर म्हणजे ४ एमएम, १४० ते १८०.

आर्कवर व्होल्ट किती असतात याचं हाताच्या वेल्डिंगसाठी एक ठरलेलं सूत्र आहे: अँपिअरला ०.०४ ने गुणायचं आणि त्यात २० मिळवायचे. दहा नंबरचा रॉड ११० अँपिअरवर लावला तर २४.४ व्होल्ट. ११० गुणिले २४.४ म्हणजे साधारण २,७०० वॅट. ही झाली आर्कमध्ये जळणारी ताकद. मशीन स्वतः थोडी खाते, चांगल्या इन्व्हर्टर मशीनमध्ये आत गेलेल्यातलं ८० टक्के बाहेर येतं असं धरा. म्हणजे सेटकडून ३,४०० वॅटच्या आसपास हवेत.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि ४ केव्हीएचा सेट घेऊन मोकळे होतात. खरी गोची पुढे आहे. साधी इन्व्हर्टर मशीन करंट सलग ओढत नाही, हिसके देऊन ओढते. त्यामुळे तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएतला किती भाग खऱ्या कामाला येतो तो आकडा, ०.७ च्या आसपास पडतो. ३,४०० ला ०.७ ने भागा, पावणेपाच ते पाच केव्हीए झाले. त्यावर चौथा हिस्सा जास्तीचा ठेवा, कारण रॉड टेकवताना मशीन क्षणभर जास्त ओढते आणि सेटला रोज शंभर टक्क्यांवर पळवला तर तो लवकर थकतो. आलं उत्तर: दहा नंबरच्या रॉडला खरा ६ केव्हीएचा सेट.

याच वाटेने गेलात तर बारा नंबरला ४ केव्हीए येतात. आठ नंबरला साडेनऊ-दहा, म्हणजे तो सेट हाताने उचलायचा राहत नाही. म्हणून सांगतो, आठ नंबर जनरेटरवर जाळायचा विचार सोडा. जाड काम असेल तर दहा नंबरचे दोन-तीन थर द्या, प्रत्येक थरावरची खपली (रॉडच्या लेपाचा घट्ट झालेला थर) व्यवस्थित काढून. शेड, गेट, ट्रस यांत आठ नंबरची गरज क्वचित पडते. आणि तुमचं काम नुसतं ग्रिल आणि पातळ चौकोनी पाइपांचं असेल तर बारा नंबरवर सगळं भागतं, सहा केव्हीएवर पैसे कशाला घालायचे?

मशीनकडे आधी बघा

सेटवर जास्त खर्च करण्यापेक्षा मशीन नीट निवडली तर सेट लहान घेता येतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

काही इन्व्हर्टर मशिनींमध्ये पीएफसी असतं, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट. ते असलं की पॉवर फॅक्टर एकच्या जवळ जातो आणि वरच्या हिशेबातले पावणेपाच केव्हीए साडेतीनवर येतात. दहा नंबरचा रॉड मग साडेचार केव्हीएच्या सेटवर व्यवस्थित जळतो. अशी मशीन महाग पडते हे खरं, पण सेटमध्ये, पेट्रोलमध्ये आणि वजनात ते पैसे परत येतात. तिचा दुसरा गुण म्हणजे ती कमी-जास्त व्होल्ट जास्त सोसते. पुस्तिकेत इनपुट व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. नुसतं '२३० अधिक-उणे १५ टक्के' असेल तर खाली १९५ आणि वर २६५ ही तिची हद्द. जनरेटरवर चालवायला परवानगी आहे का, हेही पुस्तिकेत शोधा. 'जनरेटरवर चालवू नये' असं लिहिलेल्या मशिनी मी पाहिल्या आहेत, आणि गॅरंटी नाकारताना तेच पान पुढे केलं जातं.

हॉट स्टार्टचा वेगळा नॉब असेल तर फार चांगलं. रॉड टेकवताना मशीन क्षणभर अँपिअर वाढवते म्हणून आर्क पटकन पकडतो. घरच्या लाइटवर ते सुखाचं असतं, सेटवर तो धक्का इंजिनच्या छातीवर बसतो. मी सेटवर हॉट स्टार्ट जवळजवळ शून्यावर ठेवतो आणि रॉड ठोकण्याऐवजी काडेपेटीच्या काडीसारखा घासून पेटवतो.

जुन्या तांब्याच्या ट्रान्सफॉर्मर मशिनी कोकणात अजून आहेत. माझ्याकडेही एक आहे, ती मी विकणार नाही. पण तिला छोट्या सेटवर लावू नका. तिचा पॉवर फॅक्टर इन्व्हर्टर मशीनपेक्षाही खाली असतो आणि बऱ्याच जणी दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात. तिला मीटर असलेल्या वर्कशॉपमध्येच राहू द्या.

आता सेट

पहिली गोष्ट इंजिनची. स्टिकर खोटं बोलू शकतं, सिलिंडर बोलत नाही. २०० ते २१० सीसीचं पेट्रोल इंजिन साधारण ७ एचपीचं असतं. सतत चालवताना त्यातून अडीच-तीन किलोवॅटपेक्षा जास्त वीज निघत नाही, मग बाहेर काहीही छापलेलं असो. माझा पहिला '५ केव्हीए' असाच होता. खऱ्या पाच-सहा केव्हीएला ३९० ते ४२० सीसीचं, १३ एचपीच्या घरातलं इंजिन लागतं. दुकानात गेलात की आधी इंजिनवरची सीसीची पट्टी वाचा, मग पुढचं बोलणं.

दुसरं, 'मॅक्स' आणि 'रेटेड' हे दोन आकडे वेगळे असतात. मॅक्स म्हणजे काही क्षणांची ताकद, रेटेड म्हणजे तासन्‌तास देता येणारी. हिशेब रेटेडवर करा. केव्हीए आणि किलोवॅट दोन्ही विचारून घ्या.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, एव्हीआर. व्होल्ट सांभाळणारं कार्ड. ज्या सेटमध्ये एव्हीआर नाही, नुसत्या कपॅसिटरवर व्होल्ट धरलेले असतात, त्यात लोड आला की व्होल्ट बसतात आणि लोड गेला की उसळतात. वेल्डिंग म्हणजे दर मिनिटाला लोड येणं आणि जाणं. पंखे-दिवे चालवायला कपॅसिटरवाला सेट ठीक आहे, वेल्डिंगला नको. दुकानदाराला नुसतं "एव्हीआर आहे का" विचारू नका, "कुठे बसवलंय ते दाखवा" म्हणा. अल्टरनेटरच्या, म्हणजे सेटच्या वीज बनवणाऱ्या भागाच्या, मागच्या झाकणाखाली ते कार्ड असतं, कार्बन ब्रशशेजारी. झाकणाचे दोन स्क्रू काढायला मिनिट लागतं. झाकण उघडलंच आहे तर वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं हेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. वार्निशखाली नुसतं बघून दोन्ही सारखंच दिसतं. त्याच ताकदीचे दोन सेट शेजारी ठेवून एक बराच हलका लागला तर शंका घ्या.

चौथं, सॉकेट. आपल्या हिशेबातल्या पावणेपाच केव्हीएला २३० व्होल्टवर २१ अँपिअर लागतात. सेटवर नुसती १६ अँपिअरची दोन सॉकेटं असतील तर दहा नंबरच्या रॉडला दुपारपर्यंत प्लगच्या पिना काळ्या पडतात. ३२ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट असलेला सेट घ्या.

इन्व्हर्टर जनरेटरबद्दल खूप जण विचारतात. आधी गोंधळ काढतो: घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन वेगळी आणि इन्व्हर्टर जनरेटर वेगळा. इन्व्हर्टर जनरेटरची वीज स्वच्छ, आवाज कमी, वजन कमी. पण त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसलेला असतो, एका क्षणाचाही जास्तीचा हिसका दिसला की तो वीज तोडतो. साधा सेट तोच हिसका फिरत्या वजनाच्या जोरावर पचवतो. इन्व्हर्टर जनरेटर घ्यायचाच असेल तर सोबत पीएफसी असलेली मशीन घ्या आणि वेल्डिंग करताना इकॉनॉमीचं बटण बंद ठेवा. ते चालू राहिलं तर रॉड उचलला की इंजिन मंदावतं आणि पुढचा रॉड टेकवला की त्याला धाप लागते.

पेट्रोल की डिझेल? सहा महिन्यांतून पंधरा-वीस दिवस साइटवर जात असाल तर पेट्रोल. रोज सेटवरच काम असेल तर डिझेल. माझा साडेसहा केव्हीएचा पेट्रोल सेट शेडच्या कामाच्या एका भरगच्च दिवसात ८-९ लिटर पितो, म्हणून माप, कटिंग आणि जुळवाजुळव होईपर्यंत मी तो बंद ठेवतो आणि मग एका दमात सगळे टाके मारून घेतो. साधा सेट रिकामा असला तरी ३,००० आरपीएमवरच पळत असतो, ५० हर्ट्झसाठी त्याला तेवढं पळावंच लागतं. डिझेल कमी पितं, जास्त वर्षं चालतं, पण जड असतं आणि धक्के देतं. जुने रॉकेलवर चालणारे सेट अजून कुणी-कुणी विकायला काढतात. स्वस्त मिळाला तरी नको, प्लग साफ करण्यात दिवस जातो.

आणि वजन. घाटावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, आपल्या माणसाला नाही. साडेसहा केव्हीएचा उघडा पेट्रोल सेट ८०-९० किलोचा असतो. खाली चाकं असतात, ती बघून गिऱ्हाईक खूश होतं. पण आपल्या वाड्यांमध्ये गाडी वरच्या रस्त्यावर थांबते आणि घर खाली, जांभ्याच्या पाखाडीने ऐंशी पायऱ्या उतरून. तिथे चाकांचा उपयोग नाही. आम्ही सेटच्या फ्रेमला वरून दोन जाड दोर बांधतो, त्यातून बांबू घालतो आणि चौघे जण खांद्यावर घेऊन उतरतो. पुढचे दोघे उंच, मागचे दोघे बुटके, म्हणजे उतारावर सेट आडवा राहतो आणि टाकीतलं पेट्रोल झाकणातून गळत नाही. टाकी अर्धीच भरलेली असते. म्हणून सेट घेताना फ्रेमचा पाइप हाताने हलवून बघा. वरचा पाइप चारी कोपऱ्यांत वेल्ड केलेला हवा, नुसता बोल्टने आवळलेला नको. तुम्ही वेल्डर आहात, ते वेल्ड कसं आहे हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

एका गोष्टीचं आपल्याला सुख आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते. महाबळेश्वरच्या बाजूला काम घेतलं तर सहा केव्हीएचे सव्वापाच होतात. समुद्रकाठी पूर्ण सहा मिळतात.

पैसे देण्याआधी रॉड जाळा

स्वतःची मशीन, स्वतःची केबल, दहा नंबरचे पाच रॉड, एक सहा एमएमची पट्टी आणि एक मल्टिमीटर, एवढं घेऊन दुकानात जा. दुकानदार कुरकुरेल. जो रॉड जाळू देत नाही त्याच्याकडून मी सेट घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका.

सेट दहा मिनिटं रिकामा चालवा. मीटर सेटच्या सॉकेटवर नको, मशीनच्या बाजूच्या टोकाला लावा. ट्रू आरएमएस मीटर असेल तर उत्तम, कारण सेटच्या वाकड्यातिकड्या लाटेवर साधा मीटर चुकतो. दुसऱ्या सॉकेटवर जुन्या पद्धतीचा तारेचा १०० वॅटचा बल्ब लावा. एलईडी नको, तो व्होल्टचा चढउतार लपवतो.

आता ११० अँपिअरवर रॉड पेटवा. मदतनिसाला मीटर वाचायला सांगा, तुम्ही कान इंजिनकडे ठेवा. चांगला सेट रॉड टेकल्याबरोबर एकदा 'हुं' करतो आणि सेकंदाच्या आत सावरून एका सुरात पळू लागतो. बल्ब किंचित मिटतो आणि परत येतो. मीटर २१० च्या खाली जाता कामा नये. रॉड पूर्ण संपेपर्यंत सलग जाळा, मध्ये थांबू नका. आवाज हळूहळू खाली बसत गेला, बल्ब श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होऊ लागला, तर तो सेट तुमच्या रॉडला लहान आहे. मग आर्क मुद्दाम एकदम तोडा. मीटर २५० च्या वर उडी मारत असेल तर माझ्या फुटलेल्या कपॅसिटरची आठवण करा.

पाचही रॉड लागोपाठ जाळल्यावर सेट लगेच बंद करू नका. अल्टरनेटरच्या बाजूला हात न्या, लावू नका. ऊब ठीक. वार्निश जळल्याचा वास आला तर उठा आणि दुसऱ्या दुकानात जा.

दुकानात लोडवर चालवून बघायचा राहिलेला प्रकार म्हणजे तुमची बाकीची यंत्रं. चार इंची ग्राइंडर ७००-८०० वॅटचा, तो चालतो. १४ इंची कटिंग मशीन २,०००-२,४०० वॅटची आणि सुरू होताना त्याच्या दोन-तीन पट ओढते. वेल्डिंग आणि कटिंग एकाच वेळी होणार नाही हे मदतनिसाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

जागेवर

केबलवर लोक पैसे वाचवतात आणि मग सेटला शिव्या देतात. ३० मीटर लांब दीड एमएमच्या वायरमधून २० अँपिअर नेले तर १४-१५ व्होल्ट वायरमध्येच मरतात. चार एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये साडेपाच मरतात. चार एमएमच घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडून पसरा. गुंडाळलेली वायर स्वतःच तापते, रबर मऊ होतं.

सेट ठिणग्यांपासून किमान दहा-बारा पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. दुपारनंतर समुद्राकडून वारा धरतो हे लक्षात ठेवून सकाळीच जागा ठरवा. पेट्रोल भरताना सेट बंद, आणि पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

पावसाची सर आली की सगळ्यांचा हात सेट पडवीत ओढायला जातो. हे करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि अर्धवट बंद पडवीतही तो माणूस मारतो. आम्ही चार बांबू रोवतो, सेटच्या वर तीन-चार फुटांवर उतरता पत्रा बांधतो, चारही बाजू उघड्या. खाली चिऱ्यांचा थर. पाऊस तिरका येत असेल तर काम थांबवतो. ओल्या हातमोज्याने होल्डर धरायचा नाही, हे मी माझ्या मुलांना रोज सांगतो.

मशीनच्या प्लगची तिसरी पिन कापू नका. सेटची फ्रेम आणि मशीनची बॉडी त्या तिसऱ्या वायरने एक राहिली पाहिजे. कातळावर अर्थिंगचा रॉड ठोकायला जागा मिळत नाही, म्हणून ही वायर तर हवीच. बहुतेक छोट्या सेटमध्ये न्यूट्रल फ्रेमला जोडलेला नसतो, त्यामुळे नुसता ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून तो पडेल असा भरवसा धरू नका. ती जोडणी पुस्तिका बघून जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प जॉबवरच, वेल्डच्या जवळ. सेटच्या फ्रेमला कधीही नाही. बोटीवर काम करताना तर दुप्पट जपा: बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्ड मारताय त्याच तुकड्यावर लावा. नाहीतर करंट इंजिनच्या बेअरिंगमधून आणि पंख्याच्या शाफ्टमधून वाट काढतो. पाजपंढरीत एका मालकाने मला विंचचा पाया वेल्ड करायला बोलावलं, तेव्हा आधी अर्धा तास मी फक्त बॅटरी शोधून सोडवण्यात आणि रंग घासून क्लॅम्पला जागा करण्यात घालवला. त्याला वाटलं मी वेळ काढतोय. नंतर कारण सांगितलं तेव्हा त्याने शेजारच्या दोन बोटवाल्यांनाही बोलावून ऐकवलं.

वादळानंतर सेट घरात आणून दोन पिनांची वायर सॉकेटमध्ये खुपसायची आणि सगळं घर उजळायचं, हे मी बघितलं आहे. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते आणि डीपीतून चढून वर हजारो व्होल्ट होते. खांबावर आपलाच लाइनमन असतो. घराला वीज द्यायची तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा सेट यांतलं एकच जोडणारा स्विच, बसवून घ्या.

खाऱ्या हवेत सेट जगवायचा तर

किनाऱ्यावरून आलेला सेट त्याच दिवशी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. सॉकेटची झाकणं, अल्टरनेटरची जाळी आणि फ्रेमचे सांधे विसरू नका, मीठ तिथेच बसतं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, वर नुसतं गोणपाट.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. दमट कोठारात दोन महिने पेट्रोल राहिलं की कार्बोरेटरच्या तळाला चिकट थर बसतो. म्हणून काम संपल्यावर मी इंजिन बंद करताना स्विच वापरत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि इंजिन स्वतः मरेपर्यंत चालू देतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सेट बाहेर काढून वीस मिनिटं चालवतो. पहिली दहा मिनिटं रिकामा, म्हणजे वाइंडिंगमधली ओल उडते, मग ग्राइंडर किंवा हॅलोजन लावून लोडवर. कार्बन ब्रश ज्या दोन कड्यांवर फिरतात त्या वर्षातून एकदा, गणपतीनंतर, उघडून बघतो. हिरवट डाग दिसले तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढतो आणि भुकटी फुंकून टाकतो.

ऑइल पहिल्या वीस तासांनी, मग दर शंभर तासांनी, आणि किनाऱ्यावर काम असेल तर मी पन्नासलाच बदलतो. तारीख सेटच्या टाकीवर मार्करने लिहून ठेवा, वहीत लिहिलेली सापडत नाही.